आत्यानं निवडलेलं हेड

बाजारात कुणी माठ वाजवून घेताना दिसलं, की मला अजून आमचा ट्रक आठवतो बघा. महायुद्ध नुकतंच संपलेलं. नगरच्या भंगारवाल्याकडं लष्करी ट्रकांचे सुटे भाग ढिगानं पडलेले. आमच्या ट्रकच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण, तडकलं होतं आणि उसाचा हंगाम तोंडावर आला होता. मी आणि येसू मिस्त्री दुसरं हेड आणायला निघालो, तर माठ घ्यायचाय म्हणून आत्याही सोबत आली.

येसूनं नवा रंग दिलेलं, चकचकीत हेड पसंत केलं.

"दोघं मिळून जरा उचलून धरा," आत्या म्हणाली आणि येसूचाच पाना घेऊन तिनं ते वाजवलं. आवाज आला बद्द. "फुटकं हाय."

भंगारवाला हसला. "मावशी, हे लोखंड हाय, मडकं न्हाई."

येसूनं रॉकेल लावून रंग खरवडला, तर खाली केसाएवढी चीर! मग आत्यानं एकेक वाजवत सातवं हेड निवडलं. गंजलेलं, पण घंटेसारखं खणखणीत. त्याच हेडावर आमच्या ट्रकनं पुढं कितीतरी हंगाम ऊस ओढला.

आत्याचा माठ मात्र घरी पाणी भरताच गळायला लागला.

"आत्या, वाजवून न्हाई घेतलास?"

"तुमचं लोखंड वाजवण्यात माझं मडकं वाजवायचं राहिलं की रं!"