लाल मगाचा कान

...आणि वर लोक मलाच शहाणपण शिकवतात, "अहो, न्हाणीघरातला प्लास्टिकचा मग तो, कान तुटला तर टाका की!" टाका म्हणे. सांगणाऱ्याचं काय जातंय? तुम्हाला सांगतो, उभा जन्म मी गोंद विकला. लाकडाचा, चामड्याचा, काचेचा, रबराचा... दुकानात शिरलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "काहीही चिकटवा मालक, सुटलं तर नाव बदलीन." दुकानदार हसायचे, माल घ्यायचे, आणि खरंच सांगतो, कधी कुणाची तक्रार आली नाही. आणि आता घरच्या मगाचा कान चिकटेना?

हा मग आमच्या हिचा. शेवटी शेवटी तिला हात वर नेता यायचा नाही, म्हणून स्टुलावर बसवून तिचे केस मी धुवायचो, याच मगानं. गावोगाव गोंद विकत हिंडलेला माणूस मी, मला काय कळतंय त्यातलं? कधी साबण डोळ्यांत, कधी पाणी कानात. दर वेळी विचारायचो, "जास्त कढत नाही ना?" ही म्हणायची, "अहो, केस धुताय की मोटार?" आणि हसायची हो, त्या दुखण्यातसुद्धा. ती गेली, हा मग तेवढा राहिला. आणि परवा माझ्याच हातून पडला, कान निखळला.

बसलो चिकटवत. एक गोंद लावला, दाबून धरला, हात काढला... टप्. दुसरा लावला, टप्. घासला, पुसला, दोरीनं आवळून रात्रभर ठेवला, सकाळी दोरी सोडली तर गोंदाची अख्खी साल निघून हातात. आणि मी म्हणे सुटलं तर नाव बदलीन!

शेवटी लेकीला बोलावलं. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आली, तो मग उलटासुलटा केला, आणि घातला चष्मा नाकावर. "बाबा, गोंद चिकटतो म्हणजे त्याचे रेणू समोरच्या रेणूंना धरून ठेवतात. या प्लास्टिकमध्ये नुसत्या कार्बन-हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. गोंदाला धरायला त्यांच्यावर काही नाहीच. पाणीसुद्धा बघा, पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं."

म्हटलं, "अगं, काच चिकटते ती?"

"काचेवर धरायला जागा असते."

"म्हणजे प्लास्टिकचा स्वभावच वाईट."

"स्वभाव नाही बाबा, रचना."

रचना म्हणे. माझा पिंड विक्रेत्याचा, मी ऐकतोय होय? तिच्यासमोरच झटपट चिकटणारी ट्यूब काढली, भसकन ओतली, कान अंगठ्यानं आणि बोटानं गच्च धरला. आणि तुम्हाला सांगतो, चिकटलं की! पक्कं चिकटलं. कान अलगद खाली पडला, आणि माझा अंगठा नि बोट एकमेकांना. अगदी मग धरल्यासारखे, फक्त मग नाही.

लेक हसून हसून खाली बसली. "बाबा, कातडीला ओल असते, धरायला हव्या तेवढ्या जागा असतात. माणसाला लगेच चिकटतं हे!"

माणसाला चिकटतं. अहो, हे मला माहीत नाही होय?

स्टुलावर बसवलं तिनं मला. त्याच स्टुलावर. साबणाचं कोमट पाणी त्याच बिनकानाच्या मगात घेतलं, दोन्ही हातांनी धरून माझ्या बोटांवर सोडत राहिली. आणि म्हणाली, "जास्त कढत नाही ना?"

मला रडूच कोसळलं. ती विचारत राहिली, "भाजलं का बाबा?" आणि मी नुसती मान हलवत राहिलो. काय झालं ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण पुढं ती नुसतं पाणी घालत राहिली. बोटं सुटली हळूहळू.

जाताना मला हसवायचं म्हणून दारातून म्हणाली, "बाबा, सुटलं बरं का. आता नाव बदला."

बदलतो की, मी कुठं नाही म्हणतोय? पण या घरात माझं नाव एकच होतं, 'अहो'. ते घेणारीच राहिली नाही, आता बदलू तरी काय?