कपाटातला कॉर्डलेस

हॅलो?… हॅलो, कोण?… प्रमिला? अगं, मोठ्याने बोल! रावेरहून बोलतेस की विहिरीतून?… हं, आता येतंय. बोल. अभिमन बरा आहे ना?… केळीच्या गाड्या गेल्या?… बरं. आणि माय?… माझ्याशी बोलायचंय? मग दे ना तिला, मला काय विचारतेस!… हो, हो… अगं ऐक ना, फोन असाच हातात धर आणि ने तिच्या खाटेपाशी. वायर नाही त्याला, म्हणून तर तुम्हाला दिला… चालतेस ना?… हॅलो?… प्रमिला!… गेला.

हॅलो?… हो, मीच. कटला ना?… मधल्या खोलीचा उंबरा ओलांडला की कटतो? रोजच?… म्हणजे दसऱ्यापासून माझी माय माझ्याशी बोलू म्हणते, आणि तुमचा फोन उंबऱ्यात अडतो! वा! अगं, खुब्याचं हाड मोडून ती मागच्या खोलीत पडली. तिला बैठकीपर्यंत येता येत नाही, म्हणूनच दिला ना मी आमचा कॉर्डलेस? स्वतःच्या हाताने पुसून, पिशवीत घालून दिला… जुना? जुना झाला म्हणून काय झालं? जुनं ते सोनं. आमच्याकडे होता तोवर गच्चीवर चालायचा… यांना हौस, म्हणून नवा घेतला. ते जाऊ दे.

तू एक कर. एरियल वर ओढ… वाकडी झाली? कशाने?… अभिमन तिने पाठ खाजवतो?… हसू नकोस, प्रमिला, मला राग येतोय. सरळ कर तिला. हळू! मोडशील.

लाल दिवा लागतो का?… लागतो-विझतो? मग चार्ज होत नाही तो. खाली दोन पितळी पट्ट्या आहेत बघ… लाल? पितळ लाल कसं होईल?… कुंकू?… दसऱ्याला पूजा केली याची? अगं बाई! ट्रॅक्टरला लावलं, वजनकाट्याला लावलं, ठीक आहे. याला लावायचं तर पाठीवर लावायचं, तोंडात काय भरवता?… अक्षताही? नारळ फोडला नाहीत, हे नशीब माझं… पदराने पूस. कोरड्या, कोरड्या! घास चांगलं.

आणि डबा कुठे आहे त्याचा?… अगं, तो नाही का, ज्यात फोन उभा करतात तो… कपाटात? कुठल्या?… लोखंडी? पैशाच्या?… मागून भोक पाडून वायर आत घेतली… आणि वर कुलूप! रात्री फोन आत ठेवण्यापुरतं उघडतो?… धन्य आहे माझा भाऊ अभिमन. अगं, हातातला फोन त्या डब्याशी हवेतून बोलतो. डबा लोखंडात कोंडला तर कसा बोलेल तो, कपाळ माझं!… काय म्हणतो? डब्यावरची बटणं दाबून येणारा-जाणारा दिल्लीला फोन लावतो? मग येणाऱ्या-जाणाऱ्याला कोंडा ना! डब्याला कशाला शिक्षा? आणि त्यापायी म्हातारीला शिक्षा. लाज नाही वाटत का गं तुम्हाला? एक आई ती, तिचा आवाज लेकीपर्यंत जाऊ देत नाही तुम्ही.

नाही, तुला नाही म्हणत. त्यालाच म्हणते. पण तूही तिथेच आहेस ना?

किल्ली कुठे आहे?… त्याच्या कोपरीच्या खिशात. आणि तो?… आंघोळीला? मग कोपरी खुंटीवर असणार! काढ किल्ली… भितेस काय? पोरगी लग्नाला आली तुझी, अजून कोपरीला भितेस? मी सांगितलं म्हण. अक्काने सांगितलं म्हण… ऐक, ऐक. डबा काढ आणि मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेव. वायर पुरते?… पुरते ना? मग. मी ठेवते आता, तू डबा हलवलास की कटणारच आहे. बसव आणि परत लाव. पळ, तो अंग पुसून येईल.

हॅलो?… लागला? ओलांड उंबरा… ओलांडलास?… अन् बोलतेयस! बघ! जळगावात बसून रावेरचा फोन दुरुस्त केला मी. सांग त्याला… ओरडतोय? ओरडू दे. ओल्या अंगाने किती ओरडेल. तू मायला दे.

हॅलो… माय?… मी व, मीच बोलते… अगं माय! किती दिवसांनी आवाज ऐकला तुझा. डोळ्यात पाणी आलं व माझ्या… नाही, अजिबात खरखर नाही. शेजारी बसून बोलल्यासारखं येते. जेवली का?… पाय कसा आहे?… काबरं रडते? बोल ना. लेकीशी नाही बोलणार तर कोणाशी बोलशील?… हो, सांग. मन मोकळं कर. मी आहे ना… हं… हं…

कुठे?… माझ्याकडे?

ये ना, ये की. चार दिवस… नाही?… राहायलाच?… नाही व, जड काय होशील तू मले. तसं नाही… वरची खोली आहे, पण ती… यांचे साहेबलोक येतात अधूनमधून, आणि जिना… खाली? खाली कुठे, माय, खाली तर सोफा आहे… नाही, नाही, कोपरा कसा देऊ तुले, लोक काय म्हणतील?… अभिमनला काय वाटेल?… त्यालाही विचारलं? तो हो म्हणाला?… लगेच?… उद्या? ट्रकच्या पुढच्या सीटवर?

हॅलो?… माय?… हॅलो, आवाज तुटतो व तुझा… खरखर येते… तिकडे येत नाही? माझ्याकडे येते… हॅलो? काही ऐकू येत नाही, माय… मोठ्याने बोलू नको, छातीत दुखेल… हॅलो?… हॅलो?…

…काही नाही हो, मायचा फोन होता. कटला… नाही, तुम्ही उठू नका. वाजू द्या… वाजू द्या म्हटलं ना! त्या फोनचं काही खरं नाही.