शेवटच्या बाकावरचे आजोबा

सोमवारी बाबा नेहमीसारखे जुन्या चर्चमधल्या हौशी नाटकाच्या तालमीला गेले, घरी येऊन मटार सोलत बसले, आणि मंगळवारी पहाटे झोपेतच वारले. शनिवारी लेक त्यांची विसरलेली शाल न्यायला चर्चमध्ये आली. चहाच्या रांगेत तिच्यापुढे राजा झालेले पोस्टमास्तर आणि राणी झालेल्या शिवणबाई उभ्या होत्या. दोघेही तिला ओळखत नव्हते.

“मास्तर, प्रयोग पुढे ढकलू या का?”

“मुळीच नाही, बाई. उद्या म्हणजे उद्याच.”

“पण आता आजोबांच्या जागी शेवटच्या बाकावर बसून ऐकणार कोण? इथे नुसतं घुमतं हो.”

“आजोबा कानांनी अधू होते, म्हणून तर कामाचे. त्यांना कळलं म्हणजे अख्ख्या चर्चला कळलं.”

“आणि नाही कळलं की ओरडायचे, ‘राणीसाहेब, तोंडात टाचण्या धरल्यात का?’ तीनदा रडवलं मला!”

“म्हणून तर आता तुमचा शब्दन्‌शब्द सुटा येतो.”

“मुलगी आहे म्हणे त्यांना. कधी इकडे फिरकली नाही.”

“बापाच्या ओरडण्याची लाज वाटत असेल.”

“वाटायची,” लेक मागून मोठ्याने म्हणाली. दोघे वळले. “चारचौघांत फार वाटायची. आज शेवटच्या बाकावर मी बसते. माझे कान धड आहेत, पण बोळे घालीन. करा सुरुवात.”