जोनसाठी एसी

— तिथं नको रे, पलंगाच्या वर नको, झोपणाऱ्याचं डोकं धरेल. समोरच्या भिंतीला लाव. आणि मला नाही हा एसी; मला पंखासुद्धा एकवर पुरतो. माझ्या महेंद्रने तीनदा घेऊन देतो म्हटलं, तीनदा नाही म्हटलं मी. हा जोनसाठी. जोन कोण? अमेरिकन आहे — आ वासू नकोस साईनाथ, स्टुलावरून पडशील — अमेरिकन, पण राहते बहरीनला. इवलासा अरबांचा देश. ठाण्याहून कसाऱ्याला निघालास ना, तर कसारा यायच्या आत तो देश संपतो. महेंद्र तिथं नोकरीला होता, सुनेच्या बाळंतपणाला मी गेलेले, तेव्हाची ही शेजारीण. सगळा जन्म तिथल्या इस्पितळात नर्स, नवरा तिथल्याच मातीत पुरलेला. पहिल्याच दिवशी टीचभर कपात बिनदुधाची कॉफी दिली, वेलची घातलेली. मी म्हटलं, ह्याला कॉफी म्हणतात? इंग्लिशमध्ये म्हटलं! शाळा चौथीपर्यंत, इंग्लिश दुकानांच्या पाट्या वाचून शिकले, पण बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. हसली बाई. तिथून जमलं.

महेंद्र आता अमेरिकेत, तिकडचाच झाला. फोन? करतो की. चौदा एप्रिलला, जयंतीला करतो... वेळ नसतो रे त्यांना. जोनचा मात्र दर शुक्रवारी, तिकडची सुट्टी. गुडघे, बीपी, मग मुलं — तिचीही दोघं अमेरिकेत, माझ्यासारखीच गत — दोघी मिळून यथेच्छ शिव्या घालतो. माझ्या आठवड्यात तेवढा एकच वार असतो. बाकीचे नुसते उजाडतात.

आता तिकडे लढाई पेटली, आकाशातून काय काय पडतंय, बातम्यांत बघतोस ना? त्यांच्या वकिलातीने सांगितलं, अमेरिकनांनी निघा. ही म्हणते, अमेरिकेत मला ओळखतं कोण? म्हटलं, मग डोंबिवलीला ये, मी ओळखते! वरची माया म्हणते कशी, शालनताई, गोरी भाडेकरू ठेवताय वाटतं? म्हटलं, तुझ्या सासूपेक्षा कमी किरकिर करेल. आज कळवणार आहे ती, येते की — थांब, तिचाच फोन, ते ड्रिल मशीन बंद कर. बंद कर म्हटलं ना!

हॅलो, जोन? यस, टेल मी... हं... नो, नो, डोन्ट क्राय... यस. आय नो... ओके. फ्रायडे. ओके.

...

नाही येत. नवरा तिथल्या मातीत आहे, म्हणते, त्याला एकट्याला कसं टाकू. इस्पितळातल्या पोरी, खालचा भाजीवाला, सगळे विचारतात म्हणे, तू नाही ना जाणार? अमेरिकेलाही नाही, इथंही नाही. बरोबरच आहे तिचं. मला नाही महेंद्रने बोलावलं? गेले का मी डोंबिवली सोडून? आणि मला तरी कुठं एवढं... पण शुक्रवारी फोन नाही आला तर मी कुणाला विचारायचं रे? तिच्या घरचं कोण मला ओळखतं?

काय बघतोस? डोळ्यांत भिंतीची माती गेली. आवर तुझं सामान. नाही, नको लावूस. घेऊन जा परत. आणि काही बोलू नकोस आता, सकाळपासून पुष्कळ बडबडलास. नीघ.