कणगीतला मितेश

न्हाय बाई, खुर्ची नको, मी हितं उंबऱ्यावरच बरी — हा माजा नातू मितेश कडेवरनं उतरत न्हाय — मी काय म्हनत व्हते, तेवडं ते चित्र खाली काढा. रूपाचं, माज्या नातीचं. तुमी चौथीच्या पोरांना लशीची चित्रं काढाया सांगितली, चांगलंच हाय. त्या कल्पेशनं बगा कशी सिस्टर काढलीय, पोरांवर छत्री धरलीय न वरनं गोवराचे लाल ठिपके पडतात — ते लावा ना भिंतीला! आमच्या कारटीनं काय काढलं? दारात सिस्टर, घरात भाताची कणगी, कणगीतनं वर आलेले दोन पाय, न बाजूला ही एवडी मोठी म्हातारी, सूप धरून. खाली लिवलंय पन — बायडी आजी. सकाळपासनं सगळा पाडा हसतोय, बाई.

आता खोटं हाय का? खोटं न्हाय. लपवला मी ह्याला. गोवराच्या दुसऱ्या सुईला, दोनदा. सिस्टर दारात आली, मी सांगितलं, पोरगा मामाकडं गेलाय, कोन गावाला. न हा आत कणगीत खिदळतोय — रिकामीच व्हती कणगी, वरनं सूप ठेवलं, वारा लागतो — तुमी अशा बगू नका माज्याकडं. सुनेला ठाव न्हाय. मनिषा वळ गावच्या गोदामात पॅकिंगला जाते, सकाळची शिफ्ट. घरी कोन? मीच. नवव्या महिन्याची सुई दिली तवा ह्याला ताप आला. सिस्टर बोलली व्हती, येईल एखाद दिवस, घाबरू नका, औषध पन दिलं व्हतं — पन तापलेलं पोर मांडीवर घेऊन बसायचं कुनी? माज्यानं न्हाय व्हत ते. का? आता का म्हंजे —

विठूमुळं. माजा धाकटा, रूपाच्या बापाच्या पाठचा. तुमाला कसा ठाव असनार, घरात कुनी नाव काढत न्हाय. दोन वर्साचा व्हता. गोवर आला, मंग छाती भरली. देवीचा कोप झाला, असं सांगते मी सगळ्यांना. पन तवा पन सिस्टर आलती, बाई. लावनी चालली व्हती, मी चिखलात, ती बांदावर, मीच ओरडले — आज येळ न्हाय, पुढच्या खेपंला ये. पुढच्या खेपंला — हे मी नवऱ्याला पन न्हाय सांगितलं. तुमाला कशाला सांगतेय?

चित्र बगितलं न रूपाच्या पाठीत धपाटा घातला. रडली न्हाय. म्हनते, आजी, गोवर घरात आला तर मितेशला कुठं लपवशील? मी ह्याला उचलला न सरळ हितं आले.

सिस्टर पलीकडच्या वर्गात सुया द्यायला बसलीय ना? येताना बगितली मी. — न्हाय, मी न्हाय येत आत. तुमीच न्या. धरा. हात घट्ट धरा त्याचा, झटकतो. मी बसते हितं, भिंतीकडं तोंड करून.

अग बाय — किती वरडतो! न्हाय, गप करू नका त्याला, वरडू दे. विठूला शेवटी रडायचं पन जमत नव्हतं.

आना हिकडं. न तुमी जा आता, वर्गात पोरं वाट बगतायत. जा, बाई. मला जरा बसू दे.