लाल यादी

(मुख्याध्यापिकांची खोली. कोपऱ्यात नवा वजनकाटा. मुलगी दाराबाहेर बाकावर बसली आहे.)

मुख्याध्यापिका : आधी तुम्ही शांत व्हा. त्या लाल यादीत तुमच्या एकटीचीच मुलगी नाही. अडतीसपैकी एकवीस मुलं लठ्ठ निघालीत! समस्या फार गंभीर आहे.

आई : एकवीस? मॅडम, या वर्गाचे निम्मे गणवेश मी शिवते. एकवीस पोरं लठ्ठ झाली असती तर तुमच्याआधी माझ्या टेपला कळलं असतं.

मुख्याध्यापिका : शिवणकाम वेगळं आणि शास्त्र वेगळं. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. जो आकडा येईल तो वयाप्रमाणे तक्त्यात बघायचा. मुलींचा तक्ता निराळा, मुलांचा निराळा. तुमच्या मुलीचा आकडा सव्वीस पूर्णांक तीन. तेराव्या वर्षी म्हणजे लठ्ठ. आम्ही मनाने काही ठरवत नाही.

आई : आणि मैदानावर सगळ्यांसमोर माइकवरून नावं वाचायची, हे कुठल्या तक्त्यात लिहिलंय?

मुख्याध्यापिका : त्याला जनजागृती म्हणतात.

आई : झाली की जागृती! वीस दिवस झाले, पोरगी धड जेवत नाही. डबा जसाच्या तसा परत येतो. काल जिन्यात चक्कर आली म्हणून मटकन खाली बसली. वर मलाच विचारते, 'आई, पाण्याने वजन वाढतं का गं?' माझ्या जिवाचं काय होत असेल, सांगा तुम्हीच.

मुख्याध्यापिका : ते वाईटच झालं. पण आकडा शेवटी आकडा असतो.

आई : दाखवा बघू तो आकडा. पन्नास किलो, बरं. उंची एकशे अडतीस... एकशे अडतीस?

मुख्याध्यापिका : का, काय झालं?

आई : अहो, दोन वर्षांपूर्वी होती ती एवढी! तेव्हापासून दोनदा स्कर्टची दुमड उसवून खाली सोडली. तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नाही, म्हणून नवा शिवला. ही उंची मोजली कुणी?

मुख्याध्यापिका : पीटीच्या सरांनी. म्हणजे... वजन मोजलं त्यांनी. काटा नवा आलाय ना.

आई : आणि उंची?

मुख्याध्यापिका : उंचीच्या खुणा व्हरांड्यातल्या भिंतीवर होत्या. पण दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीवर मोठं चित्र काढून घेतलं.

आई : कसलं चित्र?

मुख्याध्यापिका : 'निरोगी बालपण'.

आई : वा! म्हणजे वजन आजचं आणि उंची जुन्या रजिस्टरातली. राग मानू नका, पण तुमची पाचवीतली उंची आणि आजचं वजन घेऊन भागाकार केला तर तुम्ही कुठल्या यादीत जाल?

मुख्याध्यापिका : माझा विषय काढू नका! अहवाल वरपर्यंत गेलाय. लठ्ठ मुलं शोधायच्या मोहिमेत आपली शाळा पहिली आलीय.

आई : एकवीस लठ्ठ म्हटल्यावर येणारच पहिली. ये गं आत, बाळा. बूट काढ.

मुलगी : आई, नको ना. परत नको मोजूस.

आई : फक्त उंची गं, माझ्या टेपने. भिंतीला टाचा टेकव. मान वर... एकशे त्रेपन्न. करा मॅडम, आता भागाकार करा. वजन तुमच्याच यादीतलं घ्या.

मुख्याध्यापिका : एकवीस पूर्णांक चार.

आई : तक्ता काय म्हणतो?

मुख्याध्यापिका : तक्ता म्हणतो... योग्य.

आई : ऐकलंस का गं? तुला काहीसुद्धा झालं नव्हतं! मॅडम, सगळ्यांच्या उंच्या पुन्हा मोजा. आणि त्याच मैदानावर, त्याच माइकवरून सांगा, आमचं चुकलं.

मुख्याध्यापिका : एकदम 'चुकलं' कशाला? 'सुधारित नोंद' म्हणू. आलीच आहेस तर काट्यावरही उभी राहा बाळ. पंचेचाळीस! बघा, पाच किलो कमी! मोहिमेचा परिणाम दिसायला लागला. हे मी अहवालात...

आई : परिणाम? पोर उपाशी आहे माझी! वीस दिवसांत पाच किलो! मी हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे नेते. चल गं, उतर खाली.

मुलगी : बाई, पंचेचाळीस म्हणजे चांगलं ना? की अजून थोडं कमी करू?