मोहना म्हशीच्या सुटलेल्या पोटाबाबत

मी, बाळाबाई विठोबा गवळी, वय ६३ वर्षे, धंदा म्हशी पाळणे व दूध घालणे, राहणार शनिवार पेठ, कोल्हापूर. पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर मुलगा दत्तप्रसाद याच्यासोबत राहते. आमच्याकडे चार म्हशी आहेत. पैकी मोहना ही कोल्हापुरातली सगळ्यांत देखणी म्हैस आहे. इथे हवालदार शिकलगार यांनी लिहायचे थांबून सांगितले, "मावशी, हे तुमचं मत झालं. जबाबात घडलेलं सांगायचं." मी म्हटले, "भाईर बांधलीया की. बघून या." ते उठले नाहीत. सबब ते वाक्य तूर्त मत म्हणून राहू द्यावे.

मोहनाचे दूध आटले आहे. वर्षभरात ती माजावर आलेली मला दिसली नाही, म्हणून रेड्याकडे नेली नाही. दत्तप्रसादचे म्हणणे पडले की भाकड जनावर किती दिवस पोसायचे. दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, "पाडव्याला नंबर आला तर ठिवू. न्हायतर बाजाराला." मी मोहनाची सरकी पेंड दुप्पट केली.

पाडव्याला आमच्यात म्हशी सजवून मोटारसायकलीमागे पळवतात. मोहनाची शिंगे रंगवली, गळ्यात कवड्या घातल्या, पाठीवर केस कातरून मोर काढला. मोटारसायकल माझ्या मालकांची आहे. मोहना फक्त तिच्याच आवाजामागे पळते. मालक दोन वर्षांमागे वारले. त्याबद्दल हवालदारांनी विचारले नाही, मीही सांगत नाही. यंदा गाडी दत्तप्रसादने चालवली.

स्पर्धेचे पंच त्र्यंबक गुरुजी होते. ते शाळेत चित्रकला शिकवत, आता निवृत्त आहेत. त्यांनी मोहनाभोवती एक फेरी मारली व माईकवरून सांगितले, "बाळाबाईंची म्हैस पळायला चांगली, पण पोट सुटलंय. डौल गेला." सगळी गल्ली हसली. बक्षिसाची ढाल शेजारच्या तालमीच्या सुलतान नावाच्या रेड्याला जाहीर झाली. दत्तप्रसादने माझ्याकडे बघितले नाही, त्यावरून मी काय ते समजले.

मला राग आला. राग आला हे मत की घडलेले, असे मी हवालदारांना विचारले. ते म्हणाले, राग घडलेला आहे, लिहितो. त्या रागाच्या भरात मी टेबलावरची ढाल उचलली व घरी नेऊन मोहनाच्या गोठ्यात खुंटीला टांगली. ढाल मी नेली हे कबूल आहे. चोरली हे गुरुजींचे मत आहे, कारण पाचशे माणसे बघत होती आणि मी चालत गेले.

गुरुजींनी तक्रार दिल्यावरून आज मला बोलावणे आले. दत्तप्रसाद घरी असताना मोहनाला मागे ठेवायची माझी छाती झाली नाही, म्हणून म्हशीसह हजर झाले. दत्तप्रसाद पाठोपाठ आला. ढालही आणली असून ती हवालदारांच्या टेबलाखाली आहे.

ठाण्यातही गुरुजी गप्प बसले नाहीत. म्हणाले, "ते पोट बरं न्हाय दिसत. आजारी जनावर पळवलं बाईनं, हेही लिवा." हवालदारांनी त्यांना विचारले, "गुरुजी, तपासलंय का नुसतं दिसतंय?" गुरुजी म्हणाले, "दिसतंय की." हवालदार म्हणाले, "मग त्ये बी मतच. मावशीला एक न्याय आणि तुमास्नी दुसरा, असं माझ्या टेबलावर चालत न्हाय." असे म्हणून त्यांनी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर अवंतिकाबाईंना बोलावून घेतले.

डॉक्टरबाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवून ठाण्याच्या आवारात, दत्तप्रसाद, गुरुजी व माझ्या समक्ष मोहनाला तपासले; हवालदार आत टेबलापाशीच राहिले. मोहना हलली नाही. तपासून त्या मला म्हणाल्या, "आजी, पेंड किती घालताय?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "पेंडीचं काही नाही. पाच महिन्यांची गाभण आहे. काही म्हशींचा माज मुका असतो, कळत नाही."

चाळीस वर्षे म्हशी राखून मला माझ्याच म्हशीचे पोट पेंडीचे वाटले. हसायचे ते गुरुजींनी हसून घेतले, मीही हसले. मोहना नदीवर धुवायला जाते तेव्हा तालमीचा सुलतानही तिथे असतो. ढाल तशी घरच्याच माणसाला मिळाली, असे माझे मत आहे. हे हवालदारांनी न विचारता मत म्हणून लिहिले.

ढाल मी गुरुजींच्या हातात परत दिली आहे. गुरुजी म्हणाले, तक्रार राहिली नाही, फक्त रेडकाचे नाव आपण ठेवणार. त्याला मी होय म्हटलेले नाही.

दत्तप्रसादने आवारात माझ्या हातातून दावे काढून घेतले व म्हणाला, "आई, हिला एवढं लांब चालवत का आणलीस? जाताना टेम्पो सांगतो." मी त्याला म्हटले, बाजार उद्याच आहे. त्याने मोहनाच्या पाठीवरच्या मोरावरून हात फिरवला. मग दारातूनच हवालदारांना म्हणाला, "सायब, मोहना इकायची न्हाय." हवालदारांनी विचारले, हे काय म्हणून लिहू. दत्तप्रसाद म्हणाला, "घडलेलं म्हणून लिवा."

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे व खरा आहे. सही करण्यापूर्वी हवालदार एकदा बाहेर जाऊन म्हैस बघून आले, आणि सुरुवातीच्या 'देखणी'पुढचा 'मत' हा शब्द त्यांनी आपल्या हाताने खोडला आहे. त्या खाडाखोडीस माझी हरकत नाही.